कवटी, लिनो आणि गिटार: मेक्सिकन रॉक पोस्टरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकन परंपरा आणि रॉक-पॉप संस्कृती यांचा मेळ घालणाऱ्या चित्रांबद्दल दोन प्रकारचे प्रश्न येतात. काहींना ही चित्रं समजून घ्यायची असतात, तर काहींना तशी छापचित्रं स्वतः करून पाहायची असतात. इथे दोघांचेही प्रश्न घेतले आहेत. कोरणी हातात धरायची असली तरी पहिला भाग आधी वाचावा. ही कवटी कोणाची आहे हे ठाऊक नसेल, तर कितीही सफाईने कोरली तरी ती शोभेची वस्तूच राहते.

कालावेरा म्हणजे नक्की काय?

स्पॅनिशमध्ये कालावेरा म्हणजे कवटी. मेक्सिकोत मात्र या शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत. मृतांच्या दिवसाला, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरला, जिवंत माणसांवरच मृत्युलेखाच्या थाटात विनोदी कविता रचतात, तिलाही कालावेरा म्हणतात. मंत्री, शिक्षक, शेजारी, कोणीही त्यातून सुटत नाही. आणि त्या कवितेसोबत छापल्या जाणाऱ्या, हाडांच्या सापळ्याच्या रूपातल्या माणसांच्या चित्रालाही कालावेराच म्हणतात. कविता आणि चित्र मिळून एक स्वस्त कागद रस्त्यावर विकला जाई.

तेव्हा कालावेरा ही मुळात छापील टिंगल आहे. त्यातला सापळा सायकल चालवतो, दारू पितो, भांडतो, गिटार वाजवतो. तो मेला आहे याची त्याला फिकीर नसते.

हॅट घातलेली ती बाई, कात्रीना, अ‍ॅझ्टेक देवी आहे का?

नाही. हे चित्र होसे ग्वादालुपे पोसादा याचं आहे. जन्म १८५२, आग्वासकालिएन्तेस. मृत्यू १९१३, मेक्सिको सिटी. प्रकाशक आंतोनियो व्हानेगास आर्रोयो याच्यासाठी त्याने गुन्ह्यांच्या बातम्या, गाण्यांची चोपडी, पाककृती, प्रार्थना अशा असंख्य पत्रकांवर चित्रं केली. पिसांची हॅट घातलेली ही कवटी १९१० ते १९१३ च्या सुमाराची. पोसादाच्या पत्रकावर तिचं नाव ‘गार्बान्सेरा’ होतं. स्वतःचं मूळ लपवून युरोपीय थाटमाट मिरवणाऱ्या स्त्रियांना दिलेलं हे टोमण्याचं नाव. मूळ चित्रात फक्त डोकं आणि हॅट आहे.

तिला अंग, झगा आणि कात्रीना हे प्रचलित झालेलं नाव मिळालं ते मेक्सिकन भित्तिचित्रकार दिएगो रिव्हेरामुळे. १९४७ च्या ‘आलामेदा बागेतल्या रविवारच्या दुपारचं स्वप्न’ या भित्तिचित्रात तो तिला मधोमध उभी करतो. तिच्या एका बाजूला पोसादा, दुसऱ्या बाजूला लहान मुलाच्या रूपात स्वतः रिव्हेरा, आणि त्याच्यामागे चित्रकार फ्रीडा काहलो. गळ्यात पिसांच्या सर्पाची माळ घातली तीही रिव्हेराने. अ‍ॅझ्टेक संदर्भ तिथे आला, पोसादाकडे नव्हता. १९८५ च्या भूकंपानंतर हे भित्तिचित्र हॉटेल देल प्रादोमधून हलवलं, आणि आता ते बागेशेजारच्या स्वतंत्र संग्रहालयात आहे.

रॉकच्या पोस्टरवर कवटी असतेच. मग वेगळं काय?

दोन्ही कवट्यांची घराणी वेगळी आहेत. ग्रेटफुल डेड या बँडची गुलाबांचा मुकुट घातलेली प्रसिद्ध कवटी १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूमच्या पोस्टरवर आली. स्टॅनली माउस आणि अल्टन केली यांनी ती घेतली एडमंड सलिव्हन या ब्रिटिश चित्रकाराकडून, ज्याने उमर खय्यामच्या रुबायांसाठी ती काढली होती. तिथे कवटी सुंदर आहे, गूढ आहे, पण शांत आहे. हेवी मेटलची कवटी धमकावते. पोसादाची कवटी यातलं काहीच करत नाही. ती तुमच्याआमच्यासारखी वागते, आणि तिथेच तिचा डंख आहे.

पाहताना एक साधी कसोटी लावा: सापळा काही काम करतोय का? करत असेल तर बहुधा पोसादाचं घराणं. नुसता समोर बघत असेल तर दुसरं. आज चांगलं काम करणारे चित्रकार दोन्ही घराण्यांची सांगड घालतात, पण जाणूनबुजून.

मेक्सिकन परंपरा आणि रॉक यांची गाठ कधी पडली?

गाण्यात ती आधी पडली. ‘ला बाम्बा’ हे व्हेराक्रूझचं लोकगीत रिची व्हॅलेन्सने १९५८ मध्ये इलेक्ट्रिक गिटारवर आणलं, तेही ‘डॉना’ या गाण्याच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला. १९८७ मध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या लॉस लोबोसने तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. मेक्सिकोत मात्र रॉकची वाट खडतर होती. सप्टेंबर १९७१ मधल्या आव्हान्दारो महोत्सवाला प्रचंड गर्दी जमली, त्यानंतर सरकारने रॉकचा गळा आवळला आणि बँड शहरांच्या कडेच्या गोदामांत, ‘ओयोस फोंकीस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागांत वाजवू लागले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा उघड्यावर आले. काइफानेसने कुंबिया या नाचाच्या लोकसंगीताला हात घातला, माल्दिता व्हेसिन्दादने ढगळ सूटवाल्या पाचुकोंना गाण्यात आणलं, काफे ताकुबाने १९९४ च्या ‘रे’ मध्ये नोर्तेन्यो, बोलेरो आणि पंक एकाच अल्बममध्ये बसवलं.

चित्रांची गोष्ट सीमेच्या पलीकडे, ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये जास्त ठळक दिसते. सिस्टर कॅरेन बोक्कालेरो या फ्रान्सिस्कन जोगिणीने तरुण चित्रकारांना बरोबर घेऊन सेल्फ हेल्प ग्राफिक्स ही स्क्रीन प्रिंटची, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून छापण्याची, कार्यशाळा उभी केली. मृतांच्या दिवसाची मिरवणूक सत्तरच्या दशकात त्या वस्तीत रुजली ती या कार्यशाळेमुळे. १९८० मध्ये त्याच इमारतीत व्हेक्स नावाचा पंक क्लब चालू होता! खाली पोस्टर छापणारे आणि वर वाजवणारे एकाच वस्तीतले होते. विली हेरोन हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण: भित्तिचित्रकार, आस्को या कलागटाचा सभासद, आणि लॉस इल्लिगल्स या पंक बँडचा गायक. या मेळाला फ्यूजन म्हणणं मला कोतं वाटतं. त्या मुलांचं घर आणि त्यांचा रेडिओ दोन्ही एकाच वेळी चालू होते, एवढंच.

आज कोणाचं काम पाहावं?

एकच नाव सांगायचं तर आर्तेमियो रोद्रिगेस. जन्म १९७२, मिचोआकान राज्यातलं ताकाम्बारो. तो लॉस एंजेलिसला गेला, २००२ मध्ये तिथे ला मानो प्रेस सुरू केली आणि पुढे मिचोआकानला परतला. तो लिनो कोरतो, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा करतो. त्याची रेषा पोसादाकडून आणि मध्ययुगीन युरोपीय काष्ठचित्रांकडून आलेली आहे, पण तिच्यात सुपरहीरो, कार्टूनमधले उंदीर, मोटारी आणि जाहिराती येऊन बसतात. लोतेरिया या मेक्सिकन चित्रपत्त्यांच्या खेळावर त्याने केलेले लिनोकट हुआन फेलिपे एरेरा या कवीच्या कवितांसह १९९९ मध्ये पुस्तकरूपाने आले. जॉन होता लेआन्योस या कलाकाराबरोबर त्याने एक शेव्हरोले इम्पाला गाडी काळ्यापांढऱ्या सापळ्यांच्या चित्रांनी पूर्ण मढवली. लोरायडर, म्हणजे जमिनीला टेकेल इतकी खाली आणलेली सजवलेली मोटार, ही मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची जुनी हौस. पत्रकावरचा सापळा त्या बॉनेटवर परका वाटत नाही.

त्याच्या चित्रांसमोर वेळ काढावा. एका हाताच्या रुंदीत दहा-बारा आकृत्या असतात आणि एकही रेष वायफळ नसते.

मग मेक्सिकोतल्या वाहाकाचा असारो गट, २००६ च्या आंदोलनातून निघालेला, मोठे लाकडी ठसे भिंतींवर चिकटवणारा. कॉमिक्स आवडत असतील तर हर्नांडेझ बंधूंचं ‘लव्ह अँड रॉकेट्स’. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू असलेली ही मालिका कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या मेक्सिकन-अमेरिकन पंक मुलींना जितकी ओळखते तितकं क्वचितच कोणी ओळखत असेल. अ‍ॅनिमेशनमध्ये होर्हे गुतिएरेस. त्याच्या २०१४ च्या ‘द बुक ऑफ लाइफ’ मध्ये मृतांचा दिवस आणि रॉकची गाणी शेजारी शेजारी येतात. त्याचं संगीत गुस्ताव्हो सान्ताओलाया याचं आहे, आणि ‘रे’ अल्बमच्या निर्मितीतही तोच होता.

मला स्वतः करायचं आहे. लिनो की स्क्रीन?

दोन्ही. काळी रेष लिनोवर, सपाट रंग स्क्रीनवर. पोसादाची ताकद कोरलेल्या रेषेत आहे आणि रॉक पोस्टरची ताकद भडक सपाट रंगात. ही वाटणी दोघांनाही न्याय देते. पहिल्यांदाच करत असाल तर फक्त काळ्या रंगाचं लिनोकट करा. स्क्रीन दुसऱ्या खेपेला.

एक क्रम पक्का लक्षात ठेवा: काळा ठसा सर्वांत आधी कोरायचा आणि सर्वांत शेवटी छापायचा. रंगांच्या स्क्रीन त्या ठशावरून बेतायच्या असतात.

लिनोकटला काय काय लागतं?

ए३ कागदावर २५ × ३५ सेंमीच्या चित्रासाठी, वीस प्रतींचा हिशोब असा:

- तागाची पाठ असलेलं करडं लिनो, ३.२ मिमी जाडीचं. मऊ रबराचे ठसे कोरायला सोपे, पण सापळ्याचे दात आणि बरगड्यांसारख्या बारीक कडा त्यात दाबाने वाकतात. पोस्टरला खरं लिनोच घ्या.
- तीन कोरण्या पुरतात: १ ते २ मिमीची व्ही आकाराच्या टोकाची, ३ मिमीची यू आकाराची, आणि मोकळी जागा साफ करायला ८ मिमीची यू. दहा कोरण्यांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा तीन चांगल्या घ्या.
- धार लावायला चामड्याची पट्टी आणि पॉलिशची पेस्ट. दर अर्ध्या तासाने आठदहा वेळा ओढायची.
- ६ ते १० सेंमी रुंदीचा रबरी रोलर आणि शाई पसरायला काच.
- तेलावर आधारित काळी छपाईची शाई, साधारण ४० ते ५० मिली. चित्र अर्धंअधिक काळं असेल तर जास्त.
- हाताने घासून छापायचं असेल तर ८० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) गुळगुळीत कागद. प्रेस असेल तर २५० जीएसएमपर्यंत. रंग स्क्रीनने देणार असाल तर मात्र १५० च्या खाली जाऊ नका, पातळ कागद ओल्या शाईने लाटा मारतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारे हातकागद सुंदर असतात, पण त्यातले खरबरीत निवडू नका. खळग्यांत शाई पोचत नाही आणि काळ्या भागावर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं.
- लाकडी डाव किंवा मोठा चमचा, घासण्यासाठी.
- टेबलावर ठसा अडवायला हुक-फळी: ३० × २५ सेंमीच्या प्लायवुडला एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली एकेक पट्टी ठोकली की झाली. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरची ठशाला धरते. एवढ्या एका वस्तूने हात कापण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.

चित्र कसं रचू? माझी कवटी स्टिकरसारखी दिसते.

स्टिकरसारखी दिसते कारण ती समोरून काढलेली, दोन्ही बाजूंनी सारखी, डोळ्यांभोवती फुलांच्या पाकळ्या असलेली असते. ती मृतांच्या दिवसाला करतात त्या साखरेच्या कवटीची सजावट आहे, पोसादाच्या घराण्यातली कालावेरा नाही. तीनचतुर्थांश वळलेली कवटी काढा. मान पुढे काढा. तिला काहीतरी करायला द्या. बास वाजवणारा सापळा काढणार असाल तर चौथी तार दाबणारी बोटं कशी पडतात ते आधी खऱ्या हातावर पाहा, मग मांस काढून टाका. हाडं बरोबर असली तरी पकड खोटी असेल तर वाजवणाऱ्यांना ते लगेच कळतं.

काळ्यापांढऱ्याचा तोल महत्त्वाचा. डोळ्यांच्या खोबणी पूर्ण काळ्या ठेवा. बरगड्या काळ्या छातीवर पांढऱ्या घावांनी काढा, प्रत्येक घाव एका दमात, मधे जाड आणि टोकाला निमुळता. कोरणी आत शिरताना दाब वाढवला आणि बाहेर पडताना कमी केला की हा आकार आपोआप येतो. पोसादा धातूवर कोरायचा तेव्हा त्याच्याकडेही हीच पांढरी रेष आहे. जस्तावर आम्लरोधक शाईने काढून आम्लाने कोरलेल्या चित्रांत, कात्रीना त्यांपैकीच, काळी रेष मोकळी वाहते. लिनोवर तशी काळी रेष ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजू कोराव्या लागतात. १ मिमीपेक्षा बारीक उभी रेष नवख्या हाताखाली तुटते.

अक्षरांची उंची ८ मिमीपेक्षा कमी ठेवू नका. मेक्सिकोत लुचा लिब्रे कुस्तीची पोस्टरं लाकडी खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या ठशांच्या, जाड अक्षरांत छापली जातात, नावं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली. बँडचं नाव तसं ताणा, तारीख लहान ठेवा.

चित्र लिनोवर उतरवताना काय चुकतं?

उलटं करायला विसरणं. ठसा आरशासारखा उलटा छापतो. ट्रेसिंग कागदावर काढा, कागद पालथा घाला, खाली कार्बन ठेवून गिरवा. मग ठसा आरशासमोर धरून अक्षरं वाचा. हे प्रत्येक वेळी करा, अगदी सवय झाल्यावरसुद्धा. उजव्या हाताने वाजवणारा गिटारवाला डावखुरा निघतो तेव्हा ते सगळं कोरून झाल्यावरच लक्षात येतं. रेखाटन झाल्यावर ठशावर पातळ लाल किंवा निळ्या शाईचा हात फिरवा. कोरलेला भाग फिका दिसतो आणि छाप कशी येईल ते कळत जातं.

लिनो कोरताना भुगा पडतो, कडा तुटतात.

लिनो जवसाचं तेल, बुचाचा भुगा, लाकडाचा भुसा आणि राळ यांचं बनतं. तेल हवेने घट्ट होत जातं, म्हणून जुनं लिनो कडक होतं. एक कोपरा हलकेच वाकवून पाहा. कडकन तडा गेला तर ते म्हातारं झालं आहे, दुसरं आणा. नुसतं थंड पडलं असेल तर उन्हात पाचदहा मिनिटं ठेवा किंवा कापडावरून कोमट इस्त्री फिरवा. फार तापवलं तर ते चिवट होऊन कोरणीला चिकटतं.

खोली १ ते १.५ मिमी पुरे. मोठ्या पांढऱ्या जागा थोड्या जास्त खोल, नाहीतर रोलर आत टेकतो. तागापर्यंत पोचण्याची गरज नाही. कोरणी नेहमी पुढे ढकला आणि दुसरा हात तिच्या मागेच ठेवा. वळण घेताना कोरणी फिरवू नका, ठसा फिरवा.

मोकळ्या जागेत राहिलेल्या उंचवट्यांच्या तुटक रेघा छापल्या जातात. त्या सगळ्या खरवडून टाकायची घाई करू नका. गायकाच्या डोक्याभोवती त्या किरणांसारख्या दिसल्या तर तसंच राहू द्या.

छाप डागाळ येते / बारीक रेषा बुजतात / दुहेरी येते.

बहुतेक घोळ शाईच्या जाडीचा असतो. काचेवर एक चहाचा चमचा शाई घ्या आणि रोलर फिरवत राहा. बारीक ‘स्स्स’ असा सलग आवाज आला की थर बरोबर. ‘चप चप’ आला तर शाई जास्त. ठशावर एकच जाड थर देण्याऐवजी तीनचार पातळ थर वेगवेगळ्या दिशांनी द्या. पहिल्या दोनतीन प्रती फिक्या येणारच. लिनो शाई पितं. त्या रद्दी कागदावर काढा.

सगळीकडे पांढरे ठिपके येत असतील तर शाई कमी आहे, घासणं अपुरं आहे किंवा कागद खरबरीत आहे. ए३ ला पाच मिनिटं तरी घासावं लागतं, मधून कडेकडे. एक कोपरा उचलून पाहा, बाकीचा कागद तळव्याने दाबून धरा. दात बुजले असतील तर शाई जास्त झाली: ठशावर वर्तमानपत्राचा कागद ठेवून दोनदा छाप घ्या, जास्तीची शाई निघते. दुहेरी छाप म्हणजे कागद सरकला. ठशासाठी पुठ्ठ्याची चौकट करा आणि कागदाच्या वरच्या कडेला दोन पक्के अडसर चिकटवा.

रंगाची स्क्रीन कशी जुळवायची?

काळ्या ठशाची एक छाप पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर घ्या आणि वाळू द्या. तिच्यावर दुसरी फिल्म ठेवून रंगाचे आकार अपारदर्शक काळ्या शाईने भरा. रंग काळ्या रेषेच्या खाली अर्धा ते एक मिमी शिरला पाहिजे, म्हणजे छाप किंचित हलली तरी पांढरी फट दिसत नाही.

कागदासाठी जाळी ७७ टी ते ९० टी, म्हणजे सेंटीमीटरला तेवढे धागे. टी-शर्टची ४३ टी जाळी वापरली तर शाई कागदावर फार पडते आणि कागद सुरकुततो. चौकट चित्रापेक्षा प्रत्येक बाजूला निदान १० सेंमी मोठी. इमल्शनचा, म्हणजे उजेडाने घट्ट होणाऱ्या लेपाचा, एक थर बाहेरून, एक आतून. अंधारात पूर्ण वाळवा. एक्स्पोजरची, म्हणजे फिल्ममधून इमल्शनवर उजेड पाडण्याची, वेळ दुसऱ्या कोणाची उचलू नका. दिवा, अंतर, जाळी यांनुसार ती बदलते. एकाच स्क्रीनवर पाच पट्ट्या वाढत्या वेळांनी एक्स्पोज करून पाहा: इमल्शन बुळबुळीत होऊन वाहून गेलं तर वेळ कमी पडली, बारीक रेषा पाण्याने उघडतच नाहीत तर जास्त झाली. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर काचेवर धूळ होती, ती टेपने किंवा इमल्शनच्या थेंबाने बुजवा.

छापताना स्क्रीन कागदापासून २ ते ३ मिमी वर हवी. चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावले की होतं. तिला टेकलेली ठेवली तर कागद चिकटतो आणि कडा पसरतात. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ७० ड्युरोमीटर कठीणपणाची, साधारण ७५ अंशांत, एकाच ओढीत. स्क्रीनवर दीडशे मिलीच्या आसपास शाई असू द्या, थोड्या शाईवर ओढलं की मधेच जाळी सुकते. फिके रंग आधी.

लुचा लिब्रेच्या पोस्टरवर एक रंग दुसऱ्यात मिसळत जातो, तो कसा?

एकाच स्क्रीनच्या दोन टोकांना दोन शाया ओतायच्या, उदाहरणार्थ पिवळी आणि गुलाबी, आणि त्याच स्क्वीजीने ओढायचं. दोनतीन ओढींनंतर मधला पट्टा मिसळतो. स्क्वीजी दर वेळी त्याच रेषेत ओढा, आडवी हलवू नका. पंधरावीस प्रतींनंतर मधला पट्टा रुंद होत सगळीकडे पसरू लागतो. तेव्हा मधली शाई काढून टोकांना ताजी घाला. एकमेकांविरुद्धचे रंग, लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा, घेतले तर मधे मळकट तपकिरी पट्टा येतो.

पावसाळ्यात काही वाळतच नाही.

तेलाची शाई हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होते. एरवी दोन ते पाच दिवस लागतात. जुलैत मुंबई-कोकणात आठवड्याहून जास्त धरा. प्रती एकमेकींवर न ठेवता दोरीवर चिमट्याने टांगा, पंखा सावकाश ठेवा. जास्त त्रास इमल्शनचा होतो: हाताला कोरडं लागतं पण आत ओल असते, आणि धुताना चित्रासकट निघून जातं. बंद खोलीत डीह्युमिडिफायर किंवा अंतरावर हीटर ठेवून वाळवा. कागदही ओल घेऊन किंचित वाढतो, त्यामुळे आज छापलेला पिवळा आणि चार दिवसांनी छापलेला काळा एकमेकांवर बसत नाहीत. शक्यतो सगळे रंग एकाच दिवशी काढा. कागद आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत मोकळे ठेवा.

साफसफाई खाण्याच्या तेलाने करा, मग साबण. तेलकट चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलाची चिंधी स्वतःच तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

प्रतींवर आकडे कसे लिहायचे?

पेन्सिलने, चित्राखाली. डावीकडे ७/२०, म्हणजे वीसपैकी सातवी, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही आणि वर्ष. चित्रकाराच्या स्वतःच्या प्रतींवर मेक्सिकोत पी/ए लिहितात, ‘प्रुएबा दे आउतोर’चं लघुरूप. वीस लिहून नंतर आणखी वीस काढणं ही फसवणूक आहे.

पोस्टरवर स्पॅनिश मजकूर घालू का?

घाला, पण जाणकाराकडून तपासून. वर्षाला ‘आन्यो’ म्हणतात आणि त्यातल्या एन या अक्षरावर लाटेसारखी खूण असते. ती खूण विसरलात की शब्दाचा अर्थ गुदद्वार होतो. लिनोवर राहून गेलेली खूण नंतर घालता येत नाही, कारण तिथला भाग कोरून गेलेला असतो. प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाही उलटं येतं. मेक्सिकोत या सणाला बहुधा ‘दिया दे मुएर्तोस’ म्हणतात. ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हे रूप अमेरिकेत जास्त चालतं.

मी मेक्सिकन नाही. हे करणं योग्य आहे का?

शिकण्यासाठी आणि मन लावून करण्यासाठी, हो. बाजार मांडण्यासाठी उचलणं वेगळं. २०१३ मध्ये डिस्नेने ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या नावावर ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. एका सणाच्या नावावर! संताप उसळला, लालो आल्काराझ या व्यंगचित्रकाराने ‘मुएर्तो माउस’ काढला, अर्ज मागे घ्यावा लागला, आणि ‘कोको’ चित्रपटासाठी पुढे त्याच आल्काराझला सल्लागार म्हणून बोलावलं गेलं. उलट दिशेनेही घडतं: मेक्सिको सिटीतली मृतांच्या दिवसाची भव्य मिरवणूक २०१६ पासूनची आहे, आणि तिची कल्पना २०१५ च्या जेम्स बॉंडपटातल्या दृश्यावरून आली. परंपरा अशीही वाढते.

व्यवहारात तीन गोष्टी सांभाळा. पोसादाची मूळ चित्रं आता सार्वजनिक आहेत, पण हयात चित्रकारांची नाहीत. मेक्सिकोत लेखकहक्क मृत्यूनंतर १०० वर्षं आणि भारतात ६० वर्षं टिकतो, त्यामुळे पोस्टर कुठे विकणार यावर नियम बदलतो. दुसरं, आदिवासी समूहांची भरतकामं आणि मण्यांच्या नक्ष्या, जशा विक्सारिका किंवा ओतोमी, पार्श्वभूमी म्हणून उचलू नका. २०२२ पासून मेक्सिकोत त्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे. तिसरं, ग्वादालुपेची व्हर्जिन ही पूज्य आहे. चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन, चित्रकारांनी तिला कराटेच्या पोशाखातही काढलं आहे, एस्टर हर्नांडेझने १९७५ मध्ये, पण ती घरातली झुंज होती. बाहेरच्याने तिला बिअरच्या जाहिरातीसारखं वापरणं तसं होत नाही.

महाराष्ट्राशी या सगळ्याचा काही दुवा आहे?

आहे, आणि खराखुरा आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झाले आणि चापिंगोच्या कृषी शाळेत शिकवू लागले. दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं, आणि तिना मोदोत्तीने त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रं काढली. दुसरा दुवा आपल्या दारावरच असतो. मृतांच्या वाटेवर मेक्सिकोत ज्या ‘सेंपासूचिल’च्या पाकळ्या पसरतात तो म्हणजे झेंडू, आणि तो मूळचा तिथलाच. दसऱ्याच्या तोरणासाठी हे फूल समुद्र ओलांडून आलं. पोस्टरवर झेंडू काढताना फोटो शोधत बसू नका, बाजारातून एक आणा, मधोमध कापा आणि पाकळ्या कशा एकावर एक बसतात ते बघून कोरा.

छाप टिकवायची कशी?

लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. आम्लमुक्त माउंट लावा, काच कागदाला टेकू देऊ नका, मागे ओलसर भिंत नको. तेलाचा काळा रंग पिढ्यान्पिढ्या टिकतो. चमकणारे फ्लुओरेसंट गुलाबी-नारिंगी मात्र उन्हात काही महिन्यांत उडतात. ते वापरले असतील तर मूळ प्रत सपाट, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा आणि भिंतीवर दुसरी लावा.